चौदा आठे किती?

मी समुपदेशक आहे. पहिल्या घटक चाचणीचे पेपर घरी आले की माझ्याकडचे फोन वाढतात. गेली काही वर्षं त्यात एक तक्रार हमखास असते. शब्द थोडे इकडेतिकडे, सूर तोच: ‘मॅडम, आमच्या आजोबांना औटकीपर्यंत सगळं तोंडपाठ होतं. वडील लांबलचक बेरजा नुसत्या नजरेने करायचे. मला निदान वीसपर्यंत पाढे येतात. आणि आमच्या मुलीला चौदा आठे किती विचारलं तर ती आधी फोन शोधते. हिचं पुढे कसं व्हायचं?’

ही काळजी मी अनेक घरांतून ऐकली. डॉक्टर आई-वडील असोत की भाजीचा धंदा करणारे, त्यांचं वाक्य एकच. म्हणून या विषयावर सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. त्यासाठी एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई, सासरे आणि सहावीतली मुलगी असे तिघं आले होते. मुलीचे वडील नोकरीनिमित्त बाहेरगावी. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. बँकेतून निवृत्त, पंचाहत्तरीचे, ताठ बसणारे. खुर्चीत बसता बसताच ते म्हणाले, “तुम्ही स्वतःच विचारा हिला, चौदा आठे किती?”

मी विचारलं नाही. मुलीची नजर तेवढ्यात जमिनीला लागली होती.

घरी रोज रात्री जेवताना अण्णा नातीला पाढे विचारत. आधी ती उत्तरं द्यायची. मग अडखळायला लागली. मग जेवायच्या वेळेला पोट दुखायला लागलं. आणि आता गणिताचा पेपर अर्धा कोरा. आईचं म्हणणं, “घरी हीच उदाहरणं सोडवली होती हो तिने. सगळी बरोबर.”

मुलीशी मी एकटीशी बोलले.

“आजोबांनी विचारलं की काय होतं?”

“आकडा जातो.”

“जातो म्हणजे?”

“म्हणजे दहा आठे ऐंशी झालेलं असतं. मग चार आठे करायला जाते, तर आजोबांचा चेहरा दिसतो. मग ऐंशी जातं.”

एवढ्या नेमक्या शब्दांत मोठी माणसंही आपली भीती सांगू शकत नाहीत. तोंडी हिशेब करताना मधला आकडा थोडा वेळ मनात धरून ठेवावा लागतो. ती जागा लहान असते. ‘चुकलं तर?’ हा विचारही तिथेच येऊन बसतो आणि आकडा ढकलला जातो. गणिताच्या भीतीवर संशोधन करणाऱ्यांनी हे वारंवार दाखवलं आहे: अशी मुलं शांतपणे बसली की बरीच उदाहरणं सोडवतात, घाईत आणि कुणी बघत असताना मात्र कोलमडतात. पालक म्हणतात, ‘घरी येतं, शाळेत येत नाही, म्हणजे लक्ष नाही.’ लक्ष असतं. ते भीतीकडे वळलेलं असतं.

मी पुढे विचारलं, “आणि उत्तर चुकलं तर?”

“आजोबा म्हणतात, आमच्या घरात गणितात कच्चं कुणी नव्हतं.” थोडं थांबून ती म्हणाली, “मी आईवर गेलेय. आईला पण येत नाही.”

माझा कल विवेकनिष्ठ विचारसरणीकडे आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली ही पद्धत मला इतक्या वर्षांत कधी तोकडी वाटली नाही. माणूस घटनेने अस्वस्थ होत नाही, त्या घटनेला तो जो अर्थ देतो त्याने होतो. या मुलीसाठी चौदा आठे हा प्रश्न गुणाकाराचा उरलाच नव्हता. ती घरातल्या कोणत्या बाजूची, याचा तो निवाडा होता. असा निवाडा रोज ताटावर होत असेल तर पोट दुखणारच.

तिला हे घरातूनच मिळालं होतं. आईने धीर द्यायला कितीदा तरी म्हटलं होतं, ‘जाऊ दे गं, मला पण गणित कधी जमलं नाही.’ मायेने म्हटलेलं वाक्य. लेकीने त्यातून कायमची शिक्षा ऐकली. २०१५ मध्ये अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते. ज्यांना स्वतःला गणिताची धास्ती आहे असे पालक मुलांना गृहपाठात वारंवार मदत करत असतील, तर ती मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीती वाढली. आपण उदाहरण शिकवतो त्याच वेळी आपला चेहराही काहीतरी शिकवत असतो.

म्हणून मी आधी आईशी बोलले.

“तुम्ही नोकरीत काय काम करता?”

“अकाउंट्स.”

“गणित येत नाही आणि अकाउंट्स?”

“त्यात काय, सगळं एक्सेल करतं.”

“एक्सेलमध्ये आलेला आकडा चुकीचा आहे हे तुमच्या लक्षात येतं का कधी?”

“रोजच. बेरीज बघितली की कळतं, एवढी यायला नको. कुणीतरी शून्य जास्त टाकलेलं असतं, नाहीतर तेच बिल दोनदा चढवलेलं असतं.”

“कशावरून कळतं?”

त्यांनी उत्तर शोधलं, पण सापडेना. आकड्याचा अदमास घेणं, उत्तर साधारण कुठे पडायला हवं हे आधीच जाणवणं, हेच तर रोजच्या व्यवहारातलं गणित. त्यांना ते उत्तम येत होतं. फक्त शाळेत त्याला कुणी गणित म्हटलं नव्हतं. मी त्यांना एकच काम दिलं: ‘मला गणित येत नाही’ हे वाक्य घरात बंद. त्याऐवजी महिन्यातून एकदा ऑफिसातली एखादी सापडलेली चूक लेकीला सांगायची, आणि ती कशी सापडली तेही.

आता अण्णा. ते काही सहजासहजी ऐकणारे नव्हते.

“हे सगळे लाड आहेत. आम्हाला छडी होती, म्हणून आलं.”

मी विचारलं, “काका, तुमच्या वडिलांना असं काय येत होतं जे तुम्हाला नाही आलं?”

ते थबकले. मग म्हणाले, “औटकी. आणि मोडी.”

तरुण वाचकांसाठी इथे थोडं थांबते. पूर्वी एक ते तीसपर्यंतच्या पाढ्यांनंतर अपूर्णांकांचे पाढे असत. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा. पुढे सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकी. हे सगळं उगाच पाठ करत नव्हते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. शेराचे सोळा छटाक, मणाचे चाळीस शेर. पाव, अर्धा, पाऊण, सवा यांतच सगळा बाजार चाले. ज्याला पावकी-दिडकी येई त्याला दुकानात बसता येई. शाळा बाजाराची भाषा शिकवत होती.

१ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि ग्रॅम आले. पावकीच्या पायाखालची जमीन सरकली ती तेव्हा. कॅल्क्युलेटर आणि मोबाइल फार नंतरचे. चार आण्यांची शेवटची आठवण म्हणजे पंचवीस पैशांचं नाणं, तेही ३० जून २०११ ला चलनातून गेलं.

१९५७ मध्ये अण्णा दुसरीत होते. त्यांचे वडील धान्याच्या अडतीवर दिवाणजी. नवे पैसे आले तेव्हा त्यांना वाईट वाटलं होतं. म्हणत, “शंभराचा रुपया! यात हिशेब तो काय? नुसती शून्यं मांडायची. पोरं आळशी होणार.” मुलाने तरी जुनं सोडू नये म्हणून ते त्याला संध्याकाळी अडतीवर बोलावून औटकी विचारत.

“एकदा गिऱ्हाईक बसलेलं होतं,” अण्णा म्हणाले. “अकरा औटे विचारलं. मला आलं नाही. वडील गिऱ्हाइकांना म्हणाले, हा काही आमची गादी चालवणार नाही.”

मी काही बोलले नाही. खोलीत थोडा वेळ शांतता होती. मग अण्णाच म्हणाले, “साडेअडतीस.”

साठ-पासष्ट वर्षांनी. कुणी विचारलेलं नसताना.

माझ्या कामात असा क्षण कधीतरीच येतो आणि तो ओळखता यायला हवा. इथे समुपदेशकाने उपदेश केला तर सगळं वाया जातं. मी फक्त विचारलं, “बँकेत इतकी वर्षं काढलीत. औटकी कधी लागली?”

“एकदाही नाही.”

“आणि तिच्यावाचून काही अडलं?”

“नाही. माझं खातेवहीचं काम चोख होतं. माझी बेरीज कुणी परत तपासत नसे.”

“मग वडिलांचं म्हणणं खरं ठरलं का?”

त्यांनी मान हलवली. नाही अशी. त्यानंतर त्यांनी नातीचं नाव काढलं. मला काढावं लागलं नाही.

दर पिढी पुढच्या पिढीला हेच ऐकवत आली आहे. दिवाणजींना वाटलं, नव्या पैशांनी मुलगा मऊ पडला. मुलाला वाटतं, फोनने नात मऊ पडली. प्रत्येकाजवळ जे असतं ते त्याच्या काळाने मागितलेलं असतं, आणि काळ बदलला की ते कुणी मागत नाही याचं दुःख होतं. ते दुःख खरं आहे. फक्त ते नातीच्या पानात वाढायचं नाही.

पुढच्या वेळी आजोबा आणि नात दोघांना एकत्र बसवलं. समोर एक कागद, त्यावर एकच गुणाकार: १८ × १५. दोघांनी मनातल्या मनात करायचा. घाई नाही. आणि मी उत्तर विचारणार नाही, फक्त कसं काढलं ते विचारणार. मुलीला हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे ती खाली बघत नव्हती.

अण्णांचं झटकन झालं. “दिडकीत अठराला सत्तावीस. त्यावर शून्य. दोनशे सत्तर.”

“आणि तू?”

“मी अठराचे दहापट केले, एकशे ऐंशी. मग त्याचं अर्धं, नव्वद. दोन्ही मिळवले.”

अण्णा म्हणाले, “ही लांबची वाट झाली.”

मी म्हटलं, “काका, अठराला सत्तावीस का, ते हिला सांगा ना.”

“दिडकी आहे ती. पाठच असते.”

“हो, पण सत्तावीसच का?”

ते विचारात पडले. पाठ असलेल्या गोष्टीचं कारण कुणी विचारलं की माणूस असाच अडखळतो. मग बोटाने टेबलावर काहीतरी लिहीत म्हणाले, “दीड म्हणजे एक आणि अर्धा. अठरा, आणि अठराचं अर्धं नऊ. सत्तावीस.”

मुलगी ओरडलीच, “आजोबा, हे तर मी केलं तेच!”

आणि होतं तेच. तिने एकशे ऐंशी आणि नव्वद केलं, त्यांनी अठरा आणि नऊ. ज्याला ते आपल्या काळचं पाठांतर समजत होते, त्याच्या पोटात नातीची ‘नवी’ रीत बसलेली होती. दिडकी तयार करणाऱ्या कुणीतरी कधीतरी हेच केलं असणार, संख्येत तिचं अर्धं मिळवलं असणार. पुढच्यांनी नुसतं पाठ केलं आणि कारण मागे राहिलं. नातीला कारण शिकवलं गेलं आणि पाठांतर मागे राहिलं. एकाच घरात दोघांजवळ अर्धं अर्धं होतं, आणि ताटावर भांडण चाललं होतं.

हे मला त्या दिवशी जितकं स्वच्छ दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं, आणि त्यानंतर अनेक घरांत हाच गुणाकार मी उपयोगात आणला आहे. सहसा चुकत नाही.

मग अण्णांनी स्वतःहून तिची वही मागितली. सहावीचे अपूर्णांक. एका पानावर लाल रेघ होती. मुलीने १/२ + १/४ चं उत्तर २/६ लिहिलं होतं. वरचे वर मिळवले, खालचे खाली. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की जगातल्या कुठल्याही गणिताच्या शिक्षकाला विचारा.

अण्णा वहीकडे बघत म्हणाले, “बाळ, रुपयाचे सोळा आणे. अर्धा रुपया म्हणजे किती आणे?”

“आठ.”

“पाव?”

“चार.”

“मिळून?”

“बारा आणे. म्हणजे... पाऊण. तीन चतुर्थांश.”

“आणि तू लिहिलंस ते किती झालं? सहातले दोन म्हणजे तिसरा हिस्सा. पाच आणे चार पै. अर्ध्यात पाव घातला आणि अर्ध्याहून कमी झाला?”

ती हसली. चूक दाखवली गेली होती आणि ती हसत होती, हे आईनेही पाहिलं. पुढचं मला आजही आठवतं. ती म्हणाली, “पाच आणे चार पै कसे?” अण्णांनी करून दाखवलं: रुपयाचे एकशे ब्याण्णव पै, त्याचा तिसरा भाग चौसष्ट पै, बारा बाराचे आणे केले की पाच आणे आणि वर चार पै. उरलं काही नाही. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “पण शंभर पैशांचे तीन भाग होत नाहीत. तेहतीस, तेहतीस, तेहतीस आणि एक उरतो. तुमच्या रुपयाचे होतात!”

अण्णांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लिहायचा प्रयत्न करणार नाही. नातीने त्यांच्या काळातली एक खुबी स्वतः शोधून काढली होती. तीनने भागण्याचा, छेद सारखे करण्याचा, एक उरण्याचा सगळा धडा त्यात आला. आणि हे करताना तिचा एकही आकडा गेला नाही.

इथे गोष्ट जवळजवळ संपते. पेपर कोरे राहणं शाळेच्या त्याच सत्रात थांबलं. जेवताना पाढे बंद झाले. अण्णा आता रविवारी सकाळी वही घेऊन तिच्या शेजारी बसतात आणि आण्यांची गणितं घालतात. तीही त्यांना घालते. तीन अष्टमांश अधिक पाव म्हणजे सहा आणे अधिक चार आणे, दहा आणे, म्हणजे पाच अष्टमांश, असं.

आता मूळ काळजीकडे येते, कारण ज्यांच्या घरी अण्णा नाहीत त्यांनाही उत्तर हवं आहे.

‘पूर्वी सगळ्यांना हिशेब यायचा’ हे अर्धसत्य आहे. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. आपल्याला आठवतात ते आजोबा शाळेत टिकलेल्या थोड्यांपैकी. ज्यांना पावकी आली नाही, ते शाळा सोडून गेले आणि त्यांची आठवण कुणी सांगत नाही. आज जवळपास प्रत्येक मूल पहिलीत दाखल होतं. त्या सगळ्यांची तुलना जुन्या निवडक मुलांशी करणं न्यायाचं नाही.

पण काळजी अगदीच खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण ३१ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. म्हणजे दर दहांतल्या सातांना नाही. याचं उत्तर मात्र छडी आणि औटकीत नाही.

दुसरी एक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. २०२५ मध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुलं विक्रीचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी, झपाट्याने आणि बरोबर करत होती. तोच हिशेब पुस्तकातल्या उदाहरणासारखा मांडला की अडत होती. शाळेतल्या मुलांचं नेमकं उलटं: कागदावरची गणितं जमत होती, बाजारातला हिशेब गडबडत होता. दोन गणितं एकमेकांना भेटतच नव्हती. चार दशकांपूर्वी ब्राझीलमधल्या रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांबाबतही असंच दिसलं होतं. म्हणून ‘पाठांतर की समज’ हा वाद मला नेहमी लटका वाटतो. खरा प्रश्न आहे, घरातलं गणित आणि वहीतलं गणित यांची गाठ कोण घालून देणार. पूर्वी ती बाजार घालून देत असे. मूल दुकानात जायचं, सुट्टे मोजायचं, परत आलेले पैसे तपासायचं. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि आता आकडा टाइप केला की तेवढेच पैसे जातात. परत काही येतच नाही. मोजायला काही उरलं नाही, तर मूल मोजायला कुठे शिकणार?

त्यामुळे पहिलं काम पालकांचं. आठवड्यातून एकदा तरी मुलाला रोख पैसे देऊन सामान आणायला पाठवा आणि निघण्यापूर्वी विचारा, साधारण किती परत येतील? अंदाज चुकला तर चुकू द्या. बिल झाल्यावर खरा आकडा त्याने स्वतः पाहायचा. कॅल्क्युलेटर मी कुणाचा काढून घेत नाही, फक्त क्रम बदलायला सांगते: आधी अंदाज सांगायचा, मग बटण दाबायचं. उत्तर अंदाजाच्या फार लांब आलं तर कुठेतरी टाइप चुकलंय हे मुलालाच कळायला लागतं. त्या आईला एक्सेलमध्ये जे कळत होतं तेच हे.

पाढ्यांबद्दल मला नेहमी विचारतात, पाठ करून घ्यायचे की नाही? दहापर्यंतचे हवेतच, अगदी झोपेतून उठवलं तरी यावेत इतके. सात आठे शोधायलाच ज्याची शक्ती जाते त्याला अपूर्णांकात पुढचं काही दिसत नाही. त्यापुढचे वीस-तीसपर्यंत आले तर आनंद, पण त्यासाठी घरात रडारड नको. ज्याला दहा आठे आणि चार आठे येतं त्याला चौदा आठे काढता येतं. काढता काढता ते पाठही होतं. पावकी-दिडकी मात्र खेळ म्हणून जरूर शिकवा. टक्केवारी शिकताना पंचवीस टक्के म्हणजे चार आणे, साडेबारा म्हणजे दोन आणे, हे ज्याला एकदा बसलं त्याला सवलतीचा हिशेब कधी अवघड जात नाही.

शाळेच्या नव्या पद्धतीला नावं ठेवण्याआधी ती बघा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सदुसष्टच्या जोडीला ‘साठ सात’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण समजावून सांगितलं होतं: मराठीत आपण सदुसष्ट म्हणताना सात आधी उच्चारतो आणि लिहिताना सहा आधी लिहितो, त्यात लहान मुलं ६७ आणि ७६ यांत गोंधळतात. त्या वादावर मत काहीही असो, लहान मुलाला आकडा लिहिताना तो गोंधळ होतो हे मी टेबलापलीकडे बसून अनेकदा पाहिलं आहे. सेमी-इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांचं तर आणखी वेगळं. ती फोर्टीन एट्स पाठ करतात आणि आजोबा चौदा आठे विचारतात. चौदा आठे बारोदरसे (म्हणजे एकशे बारा) असं आजोबा उत्तर सांगतात तेव्हा मुलाला ते उत्तर आहे हेच कळत नाही. अशा वेळी मूल ढ नसतं, ते दोन भाषांच्या मधे उभं असतं. एकदा दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून भिंतीवर लावा.

आजी-आजोबांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. तुमच्याजवळ जे आहे ते आता पुस्तकात सापडत नाही, तेव्हा ते द्याच. फक्त चारचौघांत आणि अवचित विचारू नका. विचारायचंच तर ‘कसं काढलंस?’ विचारा आणि उत्तर पुरं होईपर्यंत मधे बोलू नका. चूक झाली असेल तर कुठे झाली ते मुलाच्या तोंडूनच बाहेर येतं.

आणि एक सावधगिरी. हे सगळं करूनही चौथी-पाचवीतल्या मुलाला दोन आकड्यांतला मोठा कोणता हे चटकन सांगता येत नसेल, तीन अधिक चारला बोटं लागत असतील, घड्याळ आणि सुट्टे पैसे समजत नसतील, तर ती भीती नसून गणनाची अध्ययन अक्षमता (डिस्कॅल्क्युलिया), म्हणजे आकडे शिकण्यातलीच अडचण, असू शकते. पाढे घोकून घेऊन किंवा ‘मोठेपणी येईल’ म्हणून वाट पाहून ती जात नाही. बालमानसतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. निदान झालं तर शिकवण्याची पद्धत बदलता येते आणि बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. त्या मिळवायला वेळ लागतो, म्हणून दहावीचं वर्ष उजाडायची वाट बघू नका. शाळेशी आठवीतच बोलून ठेवा.